योग्य ती नोंद घ्यावी

६ जानेवारी, सोमवार

या वर्षी रोज लिहायचं. चार ओळी का होईना. ज्याने उभी नोकरी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचण्यात घालवली, त्याने स्वतःचंही काही लिहून ठेवावं. ही वही कोणी वाचणार नाही, आणि वाचली तरी सापडण्यासारखं काही नाही. कर नाही त्याला डर कशाला.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. कंपनीत घ्यायचा प्रत्येक माणूस आधी माझ्या खोलीत येतो. दारावर पाटी, 'पडताळणी'. पूर्वी इथे स्टेशनरी ठेवायचे, अजून कार्बन पेपरचा वास येतो. उमेदवार माझ्या कॉम्प्युटरवर आपलं अकाउंट उघडतो. पासवर्ड टाकताना मी सभ्यपणे खिडकीकडे बघतो. मग माऊस माझ्या हातात. तीन वर्षं मागे जायचं, प्रायव्हेट असलं तरी. खरं तर प्रायव्हेट असलं तरच. उघड्यावर काय, सगळेच सज्जन.

८ जानेवारी, बुधवार

एक मेकॅनिक नापास केला. अनुभव भरपूर, हात चांगला. पण दीड वर्षापूर्वी जुन्या साहेबाचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'लिफ्ट दुरुस्त आहे, साहेब नादुरुस्त.' म्हणाला, अहो गंमत होती, साहेबांनीच लाइक केलंय बघा. बघितलं. खरंच केलं होतं. म्हणजे साहेबही त्यातलाच. दोघांबद्दल एका फटक्यात कळलं.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, मेकॅनिक मिळत नाहीत हो, जरा सैल धरा. म्हटलं, लिफ्टचा दोर सैल धरून चालेल का? त्यांनी फाइल मिटली. पटलं असावं.

९ जानेवारी, गुरुवार

लेकीला मेसेज टाकला. 'थंडी आहे. कान झाकून बाहेर पडावे. योग्य ती नोंद घ्यावी.' एकच टिक. हल्ली तिचा फोन जुना झाला असावा, दुसरी टिक येतच नाही. दोन वर्षं ती फार बिझी आहे. सोशल मीडिया तर तिने सोडूनच दिलाय, नाव टाकलं तरी कुठे दिसत नाही. मीच सांगायचो, त्या नादाला लागू नकोस. उशिरा का होईना, ऐकलं.

१२ जानेवारी, रविवार

ही बहिणीकडून परत आली. हल्ली दर महिन्याला जाते, बहिणीचे गुडघे गेलेत. विचारलं, कसं आहे आता? म्हणाली, वजन छान वाढलंय. म्हटलं, गुडघेदुखीत वजन वाढणं वाईट, बहिणीला सांग. बरं म्हणाली. रात्रभर जागरण होतं म्हणे. गुडघ्यांचं दुखणं रात्रीच जोर करतं.

आल्या आल्या विणायला बसली. टीचभर मोजे, पिवळ्या लोकरीचे. बहिणीच्या शेजारणीकडे बाळ आहे. ही पहिल्यापासून परोपकारी. माझ्या स्वेटरची बाही मात्र गेल्या वर्षीपासून सुईवरच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

आमच्याकडे एक लाल टेलिफोन आहे. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्यावर फोन करतात. त्या फोनवर बसायला बाई हवी आहे. आज पाच जणी झाल्या, पाचही नापास. एक जण स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच रडलेली, व्हिडिओसकट. अडकलेल्या माणसाला ती काय धीर देणार. मॅडमचं म्हणणं, अशाने कोणीच मिळणार नाही. मॅडमच्या स्वतःच्या फोटोत मागे पसरलेला बिछाना दिसतो, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

१६ जानेवारी, गुरुवार

आज एक टेलिफोनवाली आली. आवाज असा की, अडकलेला माणूस म्हणेल, सावकाश या, घाई नाही. आधीची कंपनी बंद पडलीय, चार महिने घरी आहे. पासवर्ड टाकताना म्हणाली, यात माझ्या मैत्रिणींचे फोटो आहेत, त्यांना विचारलेलं नाही. म्हटलं, आम्ही फक्त तुमचं बघतो.

खाली जात होतो. एक फोटो आला आणि हात थांबला.

माझी लेक. मांडीवर बाळ.

नावाच्या जागी नुसतं फुलाचं चित्र, पण चेहरा तिचाच. केस कापलेत. बाळ पिवळ्या कपड्यात गुंडाळलेलं, नुसतं नाक दिसतंय. टेलिफोनवालीने विचारलं, काही चुकीचं सापडलं का? म्हटलं, नाही, नेट स्लो आहे. तिला दुसऱ्या राउंडला बोलावलं. दुसरा राउंड आमच्याकडे नसतो.

ब्राउझरने विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? घाईत 'हो' दाबलं गेलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल नीट लिहिता आलं नाही. मी आजोबा झालोय.

कोणी कळवलं नाही, यात राग मानण्यासारखं काही नाही. पहिलं बाळ, धांदल असते. मेसेज टाकला असेल, तो माझ्याकडे पोचला नसेल. तिचा फोन जुना आहे हे मी वर लिहिलंच आहे.

मूळ प्रकरण एवढंच की, तिने लग्न ठरवलं तेव्हा मुलाची पडताळणी बापाने करायची नाही तर कोणी? तिचं अकाउंट घरच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलं होतं. मी दोघांचे मेसेज वाचले, निवडक भागांच्या प्रिंट काढल्या, आणि मुलाचे आईवडील घरी आले तेव्हा समोर ठेवल्या. काही आरोप केला नाही. फक्त खुलासा मागितला. मुलाने एका ठिकाणी नोकरीला कंटाळल्याचं लिहिलं होतं, एका ठिकाणी स्वतःच्या आईविषयी जरा वाकडं. त्याच्या आईने ते तिथेच वाचलं. चहा तसाच राहिला. लेक उठली, आतून बॅग घेऊन आली आणि त्यांच्याबरोबरच निघून गेली. गैरसमज झाला. गैरसमज काळाने मिटतात.

बाळाचं नाव काय ठेवलं असेल?

२० जानेवारी, सोमवार

टेलिफोनवालीच्या अकाउंटची सखोल तपासणी चालू आहे. उमेदवार समोर नसताना जास्त वस्तुनिष्ठपणे बघता येतं. हा प्रयोग यशस्वी झाला तर मॅडमना सुचवणार.

लेक थोडंच लिहिते. 'बाळ आज हसलं.' 'बाळाला पंखा बघायला आवडतो.' नुसतं बाळ. नाव कुठेच नाही. नाव कळलं की मुलगा की मुलगी तेही कळेल. खालच्या सगळ्या कमेंट वाचल्या. सगळे 'गोडुली', 'गुंड्या', 'पिल्लू', 'साहेब' म्हणतात. चार जणांत एकमत नाही. लोकांना नीट लिहायची सवयच राहिलेली नाही.

माणूस हुडकणं हा माझा हातखंडा. नाव दोन दिवसांत काढतो.

२२ जानेवारी, बुधवार

नाव मिळालं नाही.

दुसरंच मिळालं. एका फोटोत बाळाला आंघोळ घालतायत. कडेला एका बाईचा हात, कोपरापर्यंत साबण, मनगटाच्या वर सरकवलेलं घड्याळ. तसली घड्याळं बाजारात ढिगाने मिळतात.

पण हिच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता, तो मी निळ्या दोऱ्याने शिवला होता. निळा दोरा दिसतोय.

२३ जानेवारी, गुरुवार

म्हणजे वजन बाळाचं वाढलंय. जागरण बाळाचं. मोजे बाळाचे.

हिची बहीण परवा भाजी घेताना दिसली होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढली. मी मनात म्हटलं होतं, औषध लागू पडलं.

हिला काही बोललो नाही. तिने आपणहून सांगावं. संधी देणार आहे. संध्याकाळी मोठ्याने म्हटलं, या घरात कोणाला काही सांगायचं असेल तर मी ऐकायला मोकळा आहे. ही म्हणाली, गॅस संपत आलाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

टेलिफोनवाली दुसऱ्या राउंडला आली. समोर बसवलं. विचारलं, तुमच्या मैत्रिणींपैकी कोणाला मुलंबाळं आहेत? ती म्हणाली, याचा नोकरीशी काय संबंध? म्हटलं, स्थिर संगत बघतो आम्ही. म्हणाली, एक आहे, तिला पाच महिन्यांचं बाळ आहे. मी विचारलं, नाव काय? तिने मैत्रिणीचं नाव सांगितलं. माझ्याच लेकीचं नाव मी कागदावर लिहून घेतलं. पुढे विचारायचा धीर झाला नाही. धीर म्हणजे, घाई करणं व्यावसायिकदृष्ट्या योग्य वाटलं नाही.

जाताना तिने विचारलं, साहेब, नोकरीचं काय समजू? घरभाडं थकलंय. तिसऱ्या राउंडला बोलावलं.

२८ जानेवारी, मंगळवार

लेकीचा नवा फोटो. बाळ झोपलंय, डोक्याखाली चांगली जाडजूड उशी. एवढ्याशा बाळाला उशी? मान अवघडेल, श्वास कोंडेल. हिला दिसत नाही का हे? सगळं लक्ष घड्याळ वर सरकवण्यात.

हिला सांगावं तर मला कसं कळलं ते सांगावं लागेल. लेकीला मेसेज टाकला तर एकच टिक. दुपारभर त्या उशीकडे बघत बसलो. दोन उमेदवार बाहेर ताटकळत होते, त्यांना न बघताच पास केलं. पहिल्यांदाच.

शेवटी टेलिफोनवालीच्या अकाउंटवरूनच खाली लिहिलं, 'उशी काढणे. बाळाची मान अवघडते. योग्य ती नोंद घ्यावी.'

कोणाला कळणार आहे? मैत्रीणच लिहितेय असं वाटेल. बाळाच्या जिवापुढे नियमांचं काय घेऊन बसलात.

३० जानेवारी, गुरुवार

नवा फोटो. उशी नाही.

ऐकलं तिने. माझं ऐकलं. बाळ सपाट गादीवर छान पसरून झोपलंय, तोंड उघडं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि जरा वेळ बसलो. डोळ्यांत पाणी आलं. उगाच कशाला खोटं लिहू, रडलोच. दोन वर्षांत तिने माझी एक गोष्ट ऐकली.

घरी जाताना चौकातल्या दुकानातून खुळखुळा घेतला. हिला दाखवला नाही, कपाटात शर्टांच्या मागे ठेवलाय. टेलिफोनवालीचा रिपोर्ट मॅडमना दिला, दहापैकी दहा. असे मार्क मी आजवर कोणाला दिलेले नाहीत. मॅडमनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आता पुढे हळूहळू थंडीचं, कानांचं, औषधाचं सांगत जाईन. मैत्रिणीच्या नावाने का होईना, बापाचा सल्ला पोचतोय. मग एक दिवस आपण होऊन भेटू, आणि सगळं सुरळीत होईल. प्लॅन पक्का आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

अकाउंट उघडत नाही. पासवर्ड बदललाय. सर्व्हरचा प्रॉब्लेम असावा.

३ फेब्रुवारी, सोमवार

टेलिफोनवाली आली. बोलावलं नव्हतं. बसली नाही, दारातच उभी राहिली. आवाज तोच, शांत. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

म्हणाली, तुम्ही लिहिलंत ते तिने वाचलं तेव्हा ती आधी खूप हसली. तिला वाटलं, मीच तुमची नक्कल केलीय. होस्टेलला आम्ही दोघी करायचो. दिवा बंद करणे, योग्य ती नोंद घ्यावी. जेवून घेणे, योग्य ती नोंद घ्यावी. हसत हसतच तिने उशी काढली. मग मला फोन करून म्हणाली, अगदी हुबेहूब जमलंय गं. मी म्हटलं, कसली नक्कल, मी तर काही लिहिलंच नाही. मग तिने मला विचारलं, तू नोकरीला कुठे जाते आहेस.

मी म्हटलं, तुम्हाला दहापैकी दहा दिलेत.

ती म्हणाली, तिने मला काढून टाकलंय. फोन घेत नाही. म्हणते, तुझ्यातून ते माझ्या घरात आले. नऊ वर्षांची मैत्री होती आमची. मला ही नोकरी नको. मॅडमना सांगून आलेय, का नको तेही सांगितलंय.

मग दार हळूच ओढून घेतलं. चार महिने घरी बसलेली बाई नोकरी नको म्हणून गेली. मी खिडकीतून बघितलं. रस्ता ओलांडायच्या आधी बराच वेळ ती फाटकापाशी उभी होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, पडताळणी बंद. दारावरची पाटी शिपायाने काढलीसुद्धा. चौकशी होईल, तोवर मी लाल टेलिफोनवर बसायचं, कारण तिथे बसायला कोणी मिळालेलं नाही. एका दृष्टीने ही जबाबदारीची जागा आहे. माणसांच्या जिवाशी संबंध येतो.

टेलिफोनवालीला मैत्रीण परत मिळावी म्हणून खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं. 'सदर उमेदवाराचा काहीही दोष नसून' इथपर्यंत झालं. पाठवायचं कुठे, पत्ता नाही. पत्ता हिच्याकडे असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

लाल टेलिफोन वाजला. मी म्हटलं, कोणत्या इमारतीत अडकलात?

पलीकडे बाईचा आवाज. म्हणाली, बाबा, मी.

दोन वर्षांनी आवाज ऐकला. मी काय म्हणावं? मी म्हटलं, हा इमर्जन्सीचा फोन आहे, थोडक्यात बोल.

थोडक्यातच बोलली. म्हणाली, ऑफिसात विचारलं तर हाच नंबर दिला. अकाउंट बंद केलंय. मैत्रिणीची चूक नाही हे मला कळतं, पण आता तिच्याशी बोलताना पण मागे तुम्ही बसलाय असं वाटतं. आई येते तशी येत राहील. तिला बोलू नका, तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. मी हूं हूं करत होतो.

मागे बाळाचा आवाज येत होता, रडण्याचा नव्हे, नुसता हुंकार. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला मला काही विचारायचंय का?

मला विचारायचं होतं. पण दोन वर्षांनी फोन करते आणि मी काय उमेदवारासारखं समोर बसून विचारू? आपल्याला काही माहीत नाही, हे तिच्यापुढे कबूल करायचं? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, मला सगळं माहीत असतं.

ती म्हणाली, हो, ते आहेच. आणि ठेवला.

त्यानंतर खरंच एक जण अडकला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. त्याला म्हटलं, घाबरू नका, माणूस पाठवतो. त्याने विचारलं, तुम्ही लाइनवर थांबाल का? मेकॅनिक पोचेपर्यंत थांबलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या ही जाणार. या वेळी बहिणीचं नाव घेतलं नाही. बॅग माझ्यासमोर भरली. पिवळं स्वेटर, दोन टोपरी, माझ्या जुन्या मऊ शर्टांची दुपटी. मी खुळखुळा आणून बॅगेत ठेवला. हिने तो उचलून बघितला, वाजवला नाही, नीट कपड्यांत गुंडाळून ठेवला.

मग मी विचारलं. नोंद असावी म्हणून लिहितो, मी विचारलं. म्हटलं, बाळाचं नाव काय ठेवलंय?

ही खाली बसली. म्हणाली, अहो, काल तुम्ही विचारलं असतं तर ती सांगणार होती. त्यासाठीच फोन केला होता तिने. सकाळपासून फोन हातात घेऊन बसली होती. आता म्हणते, सांगू नकोस. नाव कळलं की बाबा शोधत बसतील. बाळ मोठं होईल, शाळेत जाईल, कुठे काही लिहील, आणि बाबा ते वाचत बसतील.

मी म्हटलं, नाही शोधणार.

ही म्हणाली, शोधाल हो तुम्ही.

चिडून बोलली नाही. माझ्या गुडघ्यावर जरा हात ठेवला आणि चहाचे कप उचलून आत गेली. मी बॅगेपाशी बसून राहिलो. पिवळं स्वेटर उचलून बघितलं, त्यावरून काही कळत नाही, पिवळं कोणालाही चालतं. नाव नको, पण मुलगा आहे की मुलगी, एवढं तरी विचारायला हवं होतं. उठलो तेव्हा आतला दिवा बंद झाला होता.